ते बी.पी. नव्हतं



गेल्या डिसेंबरात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून दांडियाबाजारातल्या हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. आपल्या या ग्रुपातले निदान तीस-पस्तीस जण त्या दिवशी आले होते. नवरदेव हजर आणि नवरी गायब, असा प्रकार झाला. ज्याने विचारलं त्याला मी सांगितलं, "हिचं बी.पी. एकदम वाढलं, डॉक्टरांनी आराम सांगितलाय." सव्वाशे माणसांना तोंडावर खोटं सांगितलं. नंतर कोणी फोन करून गोळ्यांची नावं दिली, एका वहिनींनी लसणाचा उपाय पाठवला. त्या लसणावरून ही अजून मला ऐकवते.

तर मंडळी, ते बी.पी. नव्हतं. हिचं बी.पी. माझ्यापेक्षा चांगलं आहे. जे झालं ते केसांच्या रंगामुळे झालं, आणि त्यात सलूनचा वाटा किती अन् माझा किती, हा हिशेब मांडायला मला सात महिने लागले. हिला विचारूनच लिहितोय. "लिहा, पण पाल्हाळ नको," म्हणाली. दुसरी अट पाळणं मला जमेलसं वाटत नाही.

सुरुवात माझ्यापासून करायला हवी. 1971 चा मी एम. एस. युनिव्हर्सिटीचा बी.कॉम. 1972 ला बँकेत क्लार्क म्हणून लागलो, 2010 ला ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. केस काळे करायला लागलो 1996 साली. प्रमोशनचा इंटरव्ह्यू होता, कानशिलं पांढरी झाली होती, आणि शेजारच्या टेबलावरचे जोशी-शहा सगळे एकदम सांगायला लागले की पॅनलला तरुण माणूस पाहिजे असतो. रावपुऱ्यातून गोदरेजची पुडी आणली. रविवारी सकाळी जुनं बनियन घालून, स्टीलच्या वाटीत भुकटी कालवून, जुन्या टूथब्रशाने लावली. मोरीत काळे शिंतोडे, उशीच्या अभ्र्याला डाग, कानाच्या पाळीवर आठवडाभर एक काळा ठिपका. प्रमोशन मिळालं. माझ्या कामामुळे मिळालं की पुडीमुळे, हे ठरवायला काही मार्ग नव्हता, म्हणून मी दोन्ही चालू ठेवलं. काम 2010 ला थांबलं, पुडी थांबली नाही. पुढे घरी लावण्याऐवजी दर महिन्याला आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये मिशीसकट लावून घ्यायला लागलो, एवढाच फरक.

हिचं वेगळं. हिचे केस चाळिशीतच पिकायला लागले. ही मेहंदी लावायची. लोखंडी कढईत रात्री भिजवायची, चहाचं पाणी, आवळकाठी, थोडा कात. सुट्टीच्या दिवशी मी घरी असायचो तेव्हा डोक्याला फडकं बांधून दिवसभर वावरायची. रंग तांबूस यायचा, उन्हात नारिंगी दिसायचा. तेव्हा बडोद्यातल्या निम्म्या मराठी बायकांच्या डोक्यांचा हाच रंग होता, त्यामुळे कोणाला काही वाटायचं नाही.

दहा-अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी हिला मंगळबाजारात मिळणारी 'काळी मेहंदी' सांगितली. कात नको, कढई नको, तासाभरात काळेभोर. पहिल्यांदा छान झालं. दुसऱ्यांदा मानेवर आणि कानांमागे खाज सुटली. ही म्हणाली, "अहो, ह्या मेहंदीनेच होतंय." मी म्हणालो, कोंडा असेल, उन्हाळा आहे. तिसऱ्यांदा खाज जास्त आली, लाल चट्टे आले, तेव्हा तिने उरलेली पाकिटं फेकून दिली आणि पुन्हा कढई काढली. बँकेत आम्ही नव्या पोरांना शिकवायचो की खातं बुडीत एका रात्रीत जात नाही, आधी हप्ते मागेपुढे होतात, ते बघा. इथे दोन हप्ते चुकलेले मी डोळ्यांनी पाहिले होते.

मग 2020 आलं. लॉकडाऊनमध्ये मेहंदीही मिळेना आणि हिला कंटाळाही आला. पांढरे होऊ दिले. वर्षभराने सगळं डोकं शुभ्र, त्याचा घट्ट अंबाडा. मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, किती ग्रेसफुल!" ही खूश. मी मात्र दर महिन्याला काळा होऊन येतच होतो.

दोन वर्षांपूर्वी सुरतेला एका लग्नात व्याह्यांकडचे एक गृहस्थ आमच्या पाया पडायला वाकले आणि मला म्हणाले, "या आपल्या मोठ्या भगिनी का?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने ही हसली. मी पण हसलो, पण मला ते लागलं. हिच्याबद्दल वाईट वाटलं असं त्या वेळी मी स्वतःला सांगितलं. आता कळतं की मला स्वतःबद्दल वाटलं होतं. माझी बायको म्हातारी दिसते म्हणजे मीही म्हातारा आहे हे उघड होतं, तीस वर्षांच्या पुड्या वाया गेल्या, असं काहीसं. मीच रंग बंद करावा, हा साधा उपाय तेव्हा डोक्यातसुद्धा आला नाही.

पन्नाशीचं ठरलं तेव्हा मी हिच्या मागे लागलो. फोटोग्राफर बोलावलाय, मुलगी कॅनडाहून येतेय, मुलगा-सून-नातू पुण्याहून येतायत, एकदाच लावून घे. ती म्हणायची, "मला काय करायचंय आता? आणि मागे खाज आली होती ते विसरलात का?" त्यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं. माझ्या मिशीला रंग लावताना समोरच्या भिंतीवर एक जाहिरात दिसायची: अमोनिया-फ्री. मी म्हणालो, "तुझी ती मेहंदी हलकी होती. आता अमोनिया नसलेले रंग निघालेत. सगळा त्रास अमोनियाचाच असतो."

हे वाक्य मी कुठे वाचलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. पण आपण बडोदेकर अमोनिया या शब्दाला ओळखतो. गावाबाहेर फर्टिलायझरनगर आहे, गुजरात स्टेट फर्टिलायझरच्या कारखान्यात अमोनिया बनतो, तिथे नोकरीला असलेलं निदान एक माणूस प्रत्येकाच्या नात्यात आहे. शिवाय बँकेत घरकर्जाच्या फायलीला नकाशाचे अमोनिया प्रिंट जोडलेले असायचे. ताजा प्रिंट उघडला की नाकात झिणझिण्या आणि डोळ्यांत पाणी. असा झोंबणारा पदार्थ डोक्याला लावायचा नाही म्हणजे झालं, असं मी धरून चाललो.

शुक्रवारी दुपारी तीनची वेळ घेतली. आमचं नेहमीचं सलून पुरुषांचं, म्हणून एका मोठ्या एसी सलूनमध्ये नेलं. नाव लिहीत नाही, आणि रंग कुठल्या कंपनीचा होता तेही नाही. साडेतीन हजार रुपये. आत कॉफी विचारतात. वास म्हणाल तर कसलातरी फुलांचा. एक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा आला, नम्र होता. टॅबलेटवर एक फॉर्म भरायला लागला. नाव, वय, फोन. मग विचारलं, "मॅडम को कोई एलर्जी?"

हिने माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांच्या संसारात बायको कशी बघते ते कळतं. 'सांगा' असं ते बघणं होतं.

मी म्हणालो, "नहीं नहीं, कुछ नहीं."

तो म्हणाला, "वैसे भी सर, अमोनिया-फ्री है, टेंशन मत लीजिए." आणि टॅबलेट माझ्यापुढे केला. हिने चष्मा काढून ठेवला होता, म्हणून तिच्यावतीने बोटाने सही मी केली. अडतीस वर्षं मी कर्जदारांना सांगत आलो, "काका, वाचल्याशिवाय सही करू नका, मी वाचून दाखवतो." गॅरंटरला तर दोनदा समजावून सांगायचो. ही सही मी एक ओळ न वाचता केली.

मुलाने ट्यूबमधली क्रीम आणि बाटलीतलं पांढरं डेव्हलपर एका वाटीत कालवलं, ब्रशने भांग पाडत पाडत लावलं, पस्तीस-चाळीस मिनिटं ठेवून धुतलं, ड्रायर मारला. एकदम काळा नव्हता, गडद तपकिरी. खरं सांगतो, सुंदर दिसत होती. घरी आल्यावर ती आरशासमोर उभी होती, अंबाडा न घालता. मी दारातून पाहिलं. मला आरशात बघून म्हणाली, "बरी दिसते ना?" किती वर्षांनी हे विचारलं होतं. मुलीने लगेच फोटो काढला. त्या शुक्रवारच्या संध्याकाळचा तो एकच फोटो आहे.

शनिवारी सकाळी कानांमागे खाज. दुपारी कपाळावर लाली, केसांच्या रेषेवर बारीक पुरळ. मुलगी म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. ही म्हणाली, उद्याचं सगळं व्हायचंय, खोबरेल लावते. रात्री झोपली नाही. रविवारी पहाटे पाच वाजता तिने मला हाक मारली, "अहो, दिवा लावा, मला दिसत नाहीये." दिवा लागलेलाच होता. दोन्ही पापण्या सुजून मिटल्या होत्या. कपाळ, कान, मान, सगळं फुगलेलं, कानांमागून चिकट पाणी येत होतं. चेहरा ओळखू येत नव्हता. मी माझ्या आयुष्यात असा घाबरलो नव्हतो, वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

हॉस्पिटलमध्ये आधी श्वास, घसा, सगळं तपासलं. ते ठीक होतं. स्किनच्या डॉक्टरीणबाई रविवार असूनही आल्या. इंजेक्शन, स्टेरॉइडच्या गोळ्या, खाजेच्या गोळ्या, थंड पाण्याच्या घड्या, आणि डोकं सौम्य शाम्पूने पुन्हा पुन्हा धुवायला सांगितलं. डोळे मिटलेले असतानाच हिने पहिला प्रश्न विचारला तो हा, "डॉक्टर, केस काढावे लागणार नाहीत ना?"

डॉक्टरीणबाई तरुण, त्यांना ते साधं वाटलं असेल. मला वाटलं नाही. हिची आजी, वडिलांची आई, बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली आणि शेवटपर्यंत लाल आलवणात होती. घरी न्हावी यायचा तेव्हा मुलांना माडीवर पाठवायचे. ही सहा-सात वर्षांची असताना एकदा जिन्यातून पाहिलं होतं. लग्नानंतर कधीतरी मला सांगितलं होतं, पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. पन्नासाव्या वाढदिवसाच्या दिवशी, नवरा समोर बसलेला असताना, ती हे विचारत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही हो आजी. केसांत बसलेला रंग काही करत नाही. त्रास देतो तो कच्चा, न बसलेला माल. तो धुऊन जाऊ दे."

हॉलचं जेवण रद्द करावं असं मी म्हणालो. हिने हात हलवून नाही म्हटलं. "माणसं निघालीसुद्धा असतील. श्रीखंड आलंय. तुम्ही जा." मुलगी तिच्याजवळ थांबली, मी, मुलगा आणि सून गेलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बी.पी. का सांगितलं? कारण केसांच्या रंगाने झालं म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, एकाहत्तराव्या वर्षी हिला काय हौस. आणि हौस तर माझी होती. तिच्यावर बोल येऊ नये म्हणून खोटं बोललो, असं तेव्हा वाटलं. माझ्यावर येऊ नये म्हणूनही असेल.

सूज पाच-सहा दिवसांनी उतरली. गोळ्या कमी कमी करत दोन आठवडे चालल्या. कातडीचे पापुद्रे जानेवारीभर गळत होते.

फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी टेस्ट केली. पाठीवर चिकटपट्टीने छोट्या चकत्या लावतात, प्रत्येकीत एकेक पदार्थ. दोन दिवसांनी पट्टी काढून बघतात, आणि पुन्हा चौथ्या दिवशी. एका चकतीखाली लालभडक, फुगलेला, पाणी धरलेला गोल. त्या पदार्थाचं नाव पॅराफिनिलीनडायमिन, डॉक्टर लोक पी.पी.डी. म्हणतात. मी विचारलं, "पण रंगात अमोनिया नव्हता!" त्या म्हणाल्या, "काका, अमोनियाचा ह्याच्याशी काही संबंधच नाही."

मग त्यांनी समजावलं, आणि पुढे मी स्वतः वाचून काढलं. निवृत्त माणसाला वेळ असतो. केसाला बाहेरून माशाच्या खवल्यांसारखं आवरण असतं. रंग आत जायचा तर ती खवलं उघडावी लागतात, त्यासाठी अल्कली लागते. जुन्या रंगांत ते काम अमोनिया करतो. तो वायू होऊन उडतो, म्हणून वास आणि म्हणून डोळ्यांत पाणी. अमोनिया-फ्री रंगात त्याच्या जागी बहुधा इथेनॉलअमाइन नावाचा दुसरा पदार्थ असतो. तो उडत नाही, म्हणून वास नाही. अल्कली आहेच, फक्त दरवाजा उघडणारा शिपाई बदलला.

दरवाजातून आत जाणारी मंडळी तीच. पी.पी.डी. किंवा त्याचा भाऊ टोल्युईन डायमिन, सोबत रिसॉर्सिनॉल वगैरे. हे रेणू लहान असतात आणि मुळात बिनरंगी, आत शिरतात. डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना एकमेकांना जोडतं, मोठे रंगीत रेणू तयार होतात आणि मोठे झाल्यामुळे बाहेर पडू शकत नाहीत. म्हणूनच तो रंग 'पर्मनंट'. पांढऱ्या केसांवर बहुतेक 20 व्हॉल्यूम वापरतात, म्हणजे सहा टक्के पेरॉक्साइड. एका लिटरमधून वीस लिटर ऑक्सिजन निघेल, असा त्या आकड्याचा अर्थ. ही पद्धत फार जुनी आहे. 1907 साली पॅरिसमध्ये ओजेन श्युलर नावाचा रसायनतज्ज्ञ असेच रंग करून तिथल्या केशकर्तनकारांना विकत होता, त्यातूनच लॉरियाल कंपनी उभी राहिली. पर्मनंट आणि गडद रंग हवा असेल तर आजही बहुतेक ठिकाणी ह्याच कुटुंबातला कोणीतरी डब्यात असतो. युरोपात डोक्याच्या रंगात, मिश्रण झाल्यावर, पी.पी.डी. दोन टक्क्यांच्या वर चालत नाही. पण ज्याला वावडं आहे त्याला त्याहून कितीतरी कमी पुरतं.

बऱ्याच जणांना काहीच होत नाही. मी तीस वर्षं तेच लावतोय, मला ठिपक्यापलीकडे काही झालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हालाही उद्या होऊ शकतं, दहा-वीस वर्षं लावल्यावरही सुरू होतं, आणि एकदा सुरू झालं की जन्मभर राहतं. हिचं सुरू झालं ते मंगळबाजारच्या त्या मेहंदीने. निव्वळ मेहंदी काळी होतच नाही, तांबूसच होते. एका पाकिटातली मेहंदी तासाभरात काळंकुट्ट करत असेल तर तिच्यात बहुधा हेच घातलेलं असतं. डोक्याची कातडी जाड, म्हणून तिथे कमी दिसतं. पापण्या, कान, मान नाजूक, तिथे सगळं फुटतं. आणि लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी होतं, त्यामुळे सलूनच्या खुर्चीत बसेपर्यंत सगळं छान असतं.

रावपुऱ्यातून दोन डबे आणले, एक अमोनियावाला, एक बिनअमोनियाचा. नातवाचं भिंग घेऊन बसलो. दोन बॅलन्सशीट शेजारी ठेवाव्यात तशा दोन्ही याद्या ठेवल्या. एका ओळीत फरक होता. दोन्हीवर बारीक अक्षरांत इशारा होता: काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. आतल्या कागदावर चाचणीची रीत: कानामागे थोडं लावा आणि 48 तास थांबा. म्हणजे बुधवारी ठिपकाभर लावलं असतं तर शुक्रवारी कळलं असतं. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'अमोनिया नाही' शंभर टक्के खरं होतं. जे नाही ते मोठ्या टायपात आणि जे आहे ते बारीक टायपात, ही पद्धत मला नवी असायला नको होती. आम्ही स्वतः 'प्रोसेसिंग फी शून्य'च्या जाहिराती छापल्या आहेत.

रिपोर्ट घेऊन सलूनमध्ये गेलो. भांडायचं ठरवूनच गेलो होतो. मॅनेजरबाईंनी शांतपणे टॅबलेट काढला. इंग्रजीत लिहिलं होतं: 48 तास आधीच्या पॅच टेस्टची माहिती मला दिली आहे, ती न केल्यास जबाबदारी माझी, मला कुठलंही वावडं नाही. खाली माझी वाकडी सही. मला पॅच टेस्टबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं, हे खरं. पण विचारलेल्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं होतं, हेही खरं. बाई म्हणाल्या, वाईट वाटलं, पुढच्या वेळी मॅडमना हेअर स्पा फ्री देऊ. मी तसाच परत आलो. वाटेत लहेरीपुऱ्यापाशी सेव-उसळ खाल्ली. हे का लिहिलं माहीत नाही, पण खाल्ली.

आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये हे सगळं सांगितलं. त्यांची तिसरी पिढी, आजोबा माझ्या आजोबांची दाढी करायचे. मी विचारलं, तुम्ही टेस्ट करता का? ते म्हणाले, "साहेब, साचुं कहुं? कोई बे वार आवतुं नथी." ठिपका लावून परवा या म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. मग त्यांनी स्वतःचे हात दाखवले. दर महिन्याला माझ्या मानेभोवती फडकं बांधणारे हात, मी कधी पाहिलेच नव्हते. बोटांच्या पेरांना भेगा, नखांच्या कडा काळ्या, कातडी साल निघाल्यासारखी. वीस वर्षं उघड्या हातांनी रंग कालवलेला. आता हातमोजे घालतात, तरी पावसाळ्यात चिघळतं. ते म्हणाले, अमोनिया गेला ते आमच्यासाठी बरं झालं, बंद दुकानात दिवसभर डोळे चुरचुरायचे, ते थांबलं. म्हणजे त्या शब्दाचा फायदा कोणाला असेल तर तो रंग लावणाऱ्याला आहे.

त्या दिवशी मी मिशी करून घेतली नाही. मार्चपासून केलेली नाही. तेव्हापासून ज्यांनी मला रस्त्यात पाहिलंय त्यांनी 'तब्येत बरी आहे ना' असं विचारलंय, म्हणून हेही इथेच सांगून टाकतो. तब्येत बरी आहे. हिला वाटतं मी तिच्यासाठी प्रायश्चित्त घेतोय. "तुम्ही लावा हो, तुम्हाला कुठे काय झालंय?" असं दोनदा म्हणाली. पहिल्यांदा जोरात म्हणाली, दुसऱ्यांदा तेवढं जोरात नाही.

हिच्या पर्समध्ये आता एक कार्ड असतं, मुलीने लॅमिनेट करून दिलेलं: पी.पी.डी.चं वावडं. कुठलंही केसांचं काम, काळी मेहंदी, बधिर करणारं काही मलम लावायचं झालं तर आधी ते दाखवायचं. गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. त्यांनी विचारलं, "कुठली अ‍ॅलर्जी?" हिने माझ्याकडे पाहिलंच नाही, सरळ कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

तिचे केस आता अर्धेमुर्धे आहेत. वर सात महिन्यांचे तीन-चार बोटं पांढरे, खाली तपकिरी. सून म्हणाली, खालचे कापून टाका, बॉबकट छान दिसेल. हिने ऐकलं नाही. अंबाडा घातला की आत तपकिरी आणि वरून पांढरा, असं दिसतं. परवा न्हाऊन गॅलरीत केस वाळवत बसली होती. मी चहा घेऊन गेलो. खालची टोकं हातात धरून उन्हात बघत होती.

म्हणाली, "रंग मात्र छान बसला होता हो."